खेकड्यांची सुटका

समुद्री चाचे आणि गुलामांची जहाजं यांवरचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं आणि आखातात, खैतानच्या आमच्या दोन खोल्यांत मी मोठा मानवतावादी होऊन बसलो. जेवताना बायकोला जहाजाच्या तळाशी कोंबलेल्या माणसांबद्दल ऐकवायचो. ती नर्स, दिवसभर वॉर्डात उभी राहून आलेली. म्हणायची, "आधी ताट उचला, मग क्रांती करा."

माझा पासपोर्ट मात्र मी जिथे एक्स-रे काढायचो त्या दवाखान्याच्या मुदीरकडे, म्हणजे मॅनेजरकडे, कपाटात कुलूपबंद. सगळ्यांचेच तिथे असत, म्हणून कधी खटकलं नाही. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं आणि मी रजा मागितली, तेव्हा तो रोज "बुक्रा, बुक्रा" म्हणजे उद्या बघू म्हणायला लागला. लग्न तोंडावर आलं. मी रडकुंडीला आलो. शेवटी बायकोनं मला त्याला शुक्रवारी खेकड्याच्या रश्श्यावर जेवायला बोलवायला लावलं.

सकाळी तिनं जिवंत खेकडे आणून न्हाणीघरात बादलीत ठेवले. नांग्या सुतळीनं बांधलेल्या. मला थेट ते जहाजच दिसलं. मरायचंच आहे, तर निदान मोकळ्या हातांनी मरू देत, म्हणून मी कात्रीनं सगळ्या सुतळ्या कापल्या. बादलीवर झाकण ठेवायचं मात्र त्या उदात्त क्षणी सुचलं नाही.

मुदीर आला. आमच्या रीतीप्रमाणे त्याला दाराशी बूटमोजे काढायला लावले होते. सोफ्यावर टेकतो न टेकतो तोच तो किंचाळत सोफ्यावर उभा राहिला. अंगठ्याला खेकडा लोंबत होता. मी तत्परतेनं खुर्चीवर चढलो.

बायकोनं चिमट्यानं खेकडा सोडवला, बाकीचेही गोळा केले आणि त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधता बांधता शांतपणे विचारलं, "सर, यांच्या रजेचं काय?"

"खलास! दिली रजा! याला घेऊन जा इथून!" तो ओरडला. मग दोनदा रस्सा मागून घेतला. मीही घेतला.

लग्न दणक्यात झालं. मांडवात व्याह्यांना मी गुलामगिरीवर बरंच ऐकवलं.

रजा संपवून कामावर गेलो, तर मला पाहताच मुदीरनं टेबलाखाली पाय आखडून घेतले. मी खिशातून पासपोर्ट काढून त्याच्यासमोर ठेवला. त्यानं अजून मागितलाही नव्हता.