गिलासाच्या बुडाचा लाल ठिपका

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या त्या दवाखान्यात पडदा होता, पण अर्धाच. अलीकडे मी, पलीकडे बाकावर नंबर लावून बसलेल्या बाया. डॉक्टरीणबाईनं माह्या गर्भपिशवीच्या तपासणीचा रिपोर्ट वाचला, चष्मा कपाळावर चढवला, अन् सगळ्यायले ऐकू जाईल अशा आवाजात मले विचारलं, "शादी से पहले कोई था? सच बोलो।"

पलीकडच्या बायांच्या माना पडद्याकडे वळल्या. मले वाटलं, जमीन फाटावी.

माहा नवरा बाजूच्या खुर्चीवरच होता. सिलतऱ्याच्या स्पंज आयर्नच्या, म्हणजे लोखंडाच्या, कारखान्यात आहे तो. त्याले तिनं काहीच विचारलं नाही. लग्नाआधी तू कुठं होता, नाही. आता कुठं जाते, नाही. मी म्हटलं, कोणी नव्हतं. ती हसली, म्हणजे मी खोटं बोलून राहिली. मग मी हळूच म्हटलं, मॅडम, यांचीपण तपासणी करा ना. तर म्हणे, "आदमी की इसमें जाँच नहीं होती।" अन् पुढच्या बाईले आवाज दिला.

झालं. माहा निकाल तिथंच लागला.

भनपुरीले आमच्या घरापर्यंत गाडीवर मी मागं बसून होती. घरी गेल्यावर नवरा सरळ आईजवळ जाऊन बसला. काय सांगितलं कोण जाणे. मी चहा ठेवत होती, मले फक्त सासूचं "बापा, बापा" ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी माही बादली वेगळी झाली. मग साबण. मग आमच्या पोट्टीची, लेकीची गादी माह्याजवळून उचलून आजीच्या खोलीत गेली. सात वर्षांची पोट्टी, माह्या पोटावर पाय टाकल्याशिवाय तिले झोप लागत नव्हती. अन् मग गिलास. घरातले सगळे स्टीलचे गिलास सारखे, म्हणून सासूनं एकाच्या बुडाले नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. नेलपॉलिश माहंच होतं. भावाच्या लग्नासाठी हौसेनं घेतलं होतं मी.

आता आमचं घर कसं, ते सांगते. आम्ही भंडाऱ्याकडचे, बौद्ध. सासरे रेल्वेत लागले अन् रायपूरले आले, इथंच रिटायर झाले. बैठकीत बुद्धाचा फोटो, खाली रोज ताजं फूल. दरवर्षी जयंतीले घरी माणसं जमतात अन् सासरे एक गोष्ट सांगतात. त्यायच्या गावच्या हॉटेलात आपल्या माणसांसाठी एक कप बाहेर कोनाड्यात ठेवलेला राहे. आपणच काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, प्यायचा, धुवायचा, परत तिथंच ठेवायचा. त्यायचे वडील त्या कपात पीत. सासरे लहान होते, त्यायनं एक दिवस तो कप उचलून रस्त्यावर फोडला. मार खाल्ला. पण त्या हॉटेलात परत पाय ठेवला नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा ही गोष्ट ऐकली तेव्हा मी रडली होती. मनात म्हटलं, बाई, किती चांगल्या घरात पडली तू.

त्याच घरात. बुद्धाच्या फोटोसमोर. वेगळा गिलास.

सासऱ्यांनी तो पाहिला नाही असं नाही. मी दाराजवळ बसून त्या गिलासानं पाणी प्यायची, अन् ते पेपर जरा वर धरायचे.

मी कोणाले न सांगता सरकारी दवाखान्यात गेली. तिथली डॉक्टर तरुण होती. मी खुर्चीवर बसली, तर ती आधी उठली अन् तिनं दरवाजा लावला. त्यावरच मले रडू फुटलं. तिनं रडू दिलं. मग हिंदीत समजावून सांगितलं. रिपोर्टात निघालेला हा विषाणू बाईले होते तसा माणसालेही होते, अन् बाईजवळ बहुतेक माणसाकडूनच येते. माणसाले बऱ्याचदा काही दिसत नाही, काही दुखत नाही, त्याच्यासाठी नेहमीची अशी तपासणी नाही. तो घेऊन फिरते अन् त्याले पत्ताच नसते. बाईच्या अंगातूनही बहुतेक वेळा निघून जाते. पण कोणाकोणाच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं बसून राहते अन् तिथं खराबी करते. कधी आला, कोणाकडून आला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. माणसालेही पुढं कधी कधी घशाचा, नाहीतर खालचा कॅन्सर यानं होते, पण तिकडं कोणी पाहत नाही. मले कॅन्सर नव्हता. खराब झालेला भाग काढून टाकायचा होता. उशीर नको करू, म्हणाली.

मी विचारलं, गिलासानं होते का? पोट्टी बाजूले झोपली तर?

ती माह्याकडे पाहतच राहिली. नाही म्हणाली. दोन्हीनंही नाही.

घरी येऊन नवऱ्याले सगळं सांगितलं. तो बूट घालून राहिला होता. म्हणे, "मले कुठं काही झालं?" अन् ड्युटीवर गेला.

त्याच्या अंगावर काही दिसलं नाही, म्हणून तो धुतलेला. माह्या अंगात राहून गेलं, म्हणून मी बाटलेली. किती दिवस हेच डोक्यात फिरत होतं. त्याच्यावर आळ घ्यायचा नव्हता मले. त्यालेही ते कुठून, कधी मिळालं, मले माहीत नाही. फक्त एकदा त्यानं आईसमोर म्हणायचं होतं, "हे माह्याकडूनही आलं असू शकते." एवढंच मागत होती मी. तेही त्याच्यानं झालं नाही.

तरी मी सहन केलं असतं. खोटं काहून बोलू? बाया सहन करतात, मीही केलं असतं.

पण जयंतीच्या आदल्या दिवशी पोट्टी जेवायची पानं मांडून राहिली होती. एकेक गिलास उलटा करून बूड पाहत होती. ठिपकेवाला सापडला, तसा तो तिनं नेऊन दाराजवळ ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, काहून गं? ती हिंदीतच बोलते. म्हणे, "आपका अलग है ना मम्मी।" शाळेत पाढा म्हणते, तसं.

कोनाड्यातला तो कप भंडाऱ्याहून रायपूरले येऊन माह्या पोट्टीच्या हातात पोचला होता.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली. वंदना झाली. सासऱ्यांनी गोष्ट सुरू केली. कप फोडल्याच्या जागेवर आले, घसा कोरडा पडला, पाणी मागितलं. मी आत गेली अन् ठिपकेवाला गिलास भरून आणला.

त्यायनं तो तोंडाजवळ नेला. मग ठिपका दिसला. हात तिथंच थांबला. माह्याकडे पाहिलं, गिलासाकडे पाहिलं, अन् गिलास खाली ठेवला.

मी म्हटलं, "बाबूजी, कप तोच आहे. फक्त हॉटेल आता तुमचं आहे."

सासूनं माहा दंड धरला. मी सोडवला. तिथंच खाली बसली, तो गिलास प्यायली, अन् सगळ्यांसमोर सांगितलं. मले काय आहे, ते कसं होते, कशानं होत नाही, अन् माणसाले कोणी काहून विचारत नाही. नवरा उठून बाहेर गेला. काही बायांनी पदर तोंडाले लावला. एकजण मागून स्वयंपाकघरात आली अन् भांडी आवरता आवरता विचारून गेली, तो सरकारी दवाखाना नेमका कुठं आहे म्हणून.

इलाज झाला. नागपूरहून माही आई आली होती सोबत. आता दर वर्षी तपासाले जावं लागते, अन् प्रत्येक वेळी भीती वाटते. सासरे माह्याशी बोलत नाहीत. त्यायनं ती गोष्टही परत सांगितली नाही, जयंतीलेही नाही. याचं मले खरंच वाईट वाटते, कारण ती गोष्ट खरी होती. नवऱ्याशी बोलणं भाजी-मिठापुरतं. पोट्टीची गादी मी स्वतः उचलून माह्याजवळ आणली, पण आता ती माह्या पोटावर पाय टाकत नाही. कडेले झोपते.

तो ठिपका मी खरवडला नाही. गिलास बाकीच्या गिलासांतच ठेवते, ज्याच्या हातात येईल त्यानं प्यावं. नाही प्यायचं असेल तर माह्या तोंडावर सांगावं. पोट्टीले या विषाणूची लस देणार आहे. दिराच्या पोट्ट्यालेही द्या म्हणून सांगितलं, तर जाऊ म्हणे, पोट्ट्याले कशाले? मी परत सांगीन. सांगतच राहीन.

अन् पोट्टीले एक गोष्ट आतापासून शिकवून राहिली. उद्या कोण्या दवाखान्यात, अर्ध्या पडद्याआड, तुले कोणी तसं विचारलं, तर मान खाली नाही घालायची. बाजूच्या खुर्चीकडे बोट दाखवायचं अन् सगळ्यायले ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "पहले इनसे पूछिए।"