चांदीचा ढेकर

मुकुंदवाडीत मंगल कार्यालयामागून आंबलेल्या भाताचा वास आला. मी पदर नाकाला लावला आणि आमची शेळी आठवली, चांदी.

मी लहान असतानाच्या एका दुष्काळात चारा नव्हता, चरायच्या माळावर प्लॉट पडले होते. चांदीनं पंगतीचा फेकलेला भात खाल्ला आणि ती फुगली. तान्हा भाऊ तिच्याच दुधावर होता. पोटातला वारा निघावा म्हणून आईनं तिच्या तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधली. मी समोर बसून पोट चोळत होते.

“तुझं डावं नव्हं, तिचं डावं. कोठा त्या अंगाला असतो,” आई खेकसली.

ती कूस दगडासारखी घट्ट होती. चांदीचे डोळे फिरले आणि एकदम ढेकर आला, कूस सैल पडली. आंबलेल्या भाताच्या त्या घाणीनं मी तोंड फिरवलं. आईनं मात्र तो वास छातीभर ओढून घेतला. तेव्हा मला तिची किळस आली होती.

मी नाकावरचा पदर काढला.