दिग्रसच्या हॉटेलात, आतल्या बाकावर

बैलगाडी दिग्रसच्या वेशीत शिरली तेव्हा मी पदर गालावर घट्ट गुंडाळून बसले होते. थंडीचे दिवस. माझ्या उजव्या गालात एक शीर आहे. शिरा सगळ्यांनाच असतात हो, पण माझी वैरीण निघाली. वारा लागला, चहा कढत असला, घास उजवीकडे गेला, की कानापासून हनुवटीपर्यंत वीज पडल्यासारखी कळ जाते. टिकते घडीभरच, पण डोळ्यांतून पाणी काढते. तिच्यापायी लेक सुलोचना मला यवतमाळच्या डॉक्टरकडे नेत होती.

रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरलेला, सरकी काढणाऱ्या जिनांची घरघर चाललेली. बसला दोन तास होते आणि समोर हॉटेल. त्याची माझी ओळख जुनी. माझ्या तरुणपणी आमच्या लोकांचे कप बाहेर खिळ्याला टांगलेले असत. आपला कप आपण विसळून खाली धरायचा. मालक हात उंच करून वरून चहा ओतायचा. आम्ही धम्म घेतल्याला आता सातवं वर्ष होतं. खिळे गेले होते, पण मी आत पाय ठेवला नव्हता. आज आत बसायचं आणि ताट संपवूनच उठायचं, हे मी गाडीतच ठरवलं होतं.

"माय, हे दुखनं घेऊन हॉटेलात?" सुलोचना म्हणाली.

"घरी ठेवता येत असतं तं संगं आनलं कायले असतं?"

वरण-भात मागवला. बोटांनी पार कालवून बोराएवढे घास डावीकडून खाऊ लागले. तीन गेले. मग मला आला चेव, आणि चौथा घेतला वांग्याच्या भाजीचा, वर लाल तर्री (तिखट तेलाचा तवंग). कळ निघाली! घास ताटात पडला. मी गाल धरून वाकले. समोरच्या बाकावरचा पागोटेवाला जेवायचा थांबला. गल्ल्यावर जुन्या मालकाचा मुलगा होता, तो उठून आला.

"काय झालं वो मावशी?"

"गालातली शीर हाय बापू. कढत, तिखट चालत नाई."

"मंग बाहीर लिंबाखाली बसता काय? मोकळं वाटंल."

भल्यासाठी म्हणाला की कशासाठी, कोण जाणे. सुलोचनेचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "चाल नं माय. लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. बाहीर मी लय प्याली, लय खाल्लं. आता इथंच खाईन."

पागोटेवाला हसला. "बसू दे रे बुढीले. मी बी बसतो. माह्या बैलायले काई घाई नाई."

भात थंड झाला, ते माझ्या पथ्यावरच पडलं. दोनदा कळ आली, दोनदा थांबले. ताट पुसून घेतलं, तोवर बस लागली होती. बसच्या खिडकीला काच नव्हती. सुलोचनेनं तिच्यात घोंगडी कोंबली आणि वाटभर हातानं धरून बसली.

यवतमाळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, आजी, शीर जायची नाही, तिला सांभाळून राहा.

तिसऱ्या दिवशी परतताना पुन्हा दिग्रस, पुन्हा तोच बाक. चहा सांगितला. मालकाचा मुलगा स्वतः चहा घेऊन समोर आला आणि त्यानं हात उंच केला. वरून चहाची धार सुटली. तोच हात, हुबेहूब बापाचा! मी अर्धी उठलेच.

पण धार त्याच्याच दुसऱ्या हातातल्या ग्लासात पडत होती. या ग्लासातून त्या ग्लासात, तिथून परत, चार-पाच वेळा. मग त्यानं ग्लास माझ्या हातात दिला.

"घ्या मावशी, कोमट केला. कढत तुमाले चालत नाई नं?"

त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मी खाली बसले. पहिला घोट डावीकडून घेतला, दुसरा मुद्दाम उजवीकडून.

गावात बाया विचारतात, डॉक्टरनं बरं केलं काय? मी सांगते, शीर आहे तिथंच आहे. पण दिग्रसला गेले की मी आतच बसते.