चिमूटभर खाऊ

पांढुर्ण्यातल्या माझ्या आडतीत नागपूरहून आणलेली माशांची काचपेटी होती. तिच्यात पांढरे किडे वळवळताना दिसले, तसा मी पेटी विकणाऱ्याला शिव्या हासडत किडे मारायला मिठाची पुडी फोडली. तेवढ्यात शेजारचे स्टेशनबाबू नेहमीसारखे ड्यूटीवर जाताना डोकावले. हा माणूस आधी चष्मा पुसतो, मगच बोलतो.

"शेठ, मिठानं मासेच मरतीन. तुम्ही मूठमूठ खाऊ टाकून राहिले, उरलेल्यावर किडे वाढून राहिले. थोडे राहू द्या, घाण खातात ते."

"मंग माशायले उपाशी मारू का, बाबूजी?"

त्यांनी खाऊचा डबा सरळ खिशात घातला. मी ओरडत राहिलो. पुढं रोज जाताना तेच चिमूटभर टाकत. किडे घटले, मासे जगले. विकणाऱ्यावरचा माझा राग अजून आहे. डबा मात्र मी परत मागितला नाही.