चार महिने पुढचे घड्याळ

नऊ दवाखान्यांच्या नोंदी एकमेकींशी जुळत्या ठेवणे हे तिचे काम; म्हणून सगळे तिला नोंदताई म्हणत. या नोंदींना मुख्य घर असे नव्हते. प्रत्येक दवाखान्याच्या संगणकात सगळ्या रुग्णांची पुरी प्रत असे, आणि रोज पहाटे ही यंत्रे आपापसांत बोलून फरक मिटवीत. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी निघाल्या, तर जिची तारीख नंतरची ती खरी धरायची, हा नियम तिनेच घालून दिला होता. तिला तो स्वाभाविक वाटला असावा. घरीही बाबा बोलले की विषय मिटत असे.

बाबा याच इमारतीत, तळमजल्यावर, कंपाउंडर होते. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून वरच्या खोलीत बसणाऱ्या नोंदताईने खालच्या औषधांच्या खोलीत पाऊल टाकले नव्हते.

सोमवारी तिने जखमेवर उपचार घेणाऱ्या एका सुताराच्या पानावर लिहिले, ‘पेनिसिलिन देऊ नये.’ आदल्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात ते इंजेक्शन टोचताच त्याचा घसा सुजला होता; तो थोडक्यात वाचला. मंगळवारी सकाळी पाहते तो, तिच्या ओळीच्या जागी ‘पेनिसिलिन चालते’, आणि पुढे बाबांची आद्याक्षरे. तिने ओळ खोडली. बुधवारी ती पुन्हा जागेवर.

“तुझा बाप अजून ड्यूटीवर आहे गं पोरी,” थोरली सिस्टर हसत म्हणाली, आणि हसू अर्ध्यातच गिळून बसली.

“शनिवारी सुताराची जखम पुन्हा बघायची आहे,” नोंदताई म्हणाली. “नवांपैकी कुठेही जाईल तो.”

“मग त्यालाच सांगून ठेव की.”

“शुद्धीत असेल तोवर सांगेल. बेशुद्ध आणला तर?”

गुरुवारी ती खाली उतरली. बाबांचा संगणक कुणी बंदच केला नव्हता. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर तसाच होता, कोपरांपाशी फुगलेला. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख तिने दोनदा वाचली. ती चार महिने पुढची होती.

“ते मुद्दाम करायचे,” सिस्टर दारातून म्हणाली. “औषधाची मुदत संपायच्या आधीच यंत्राने ओरडावं म्हणून. वेळेत कळलं की कंपनीकडून बदलून मिळतं, म्हणायचे.”

उलगडा झाला, पण धसका गेला नाही. बाबांची प्रत्येक ओळ यंत्रांच्या लेखी अजून न उगवलेल्या दिवशी लिहिलेली होती. लिहिली तेव्हा ती खरीही असेल; पण तो दिवस उजाडेपर्यंत जित्या माणसाचा शब्द तिच्यापुढे टिकणार नव्हता.

“अगं, मग इथंच बसून लिही ना! तुझी तारीखही पुढची पडेल.”

ती खुर्चीत बसली. बोटे कळांवर ठेवली, आणि उचलली.

“आणि उद्या माझं चुकलं, तर कुणी सुधारायचं?”

दोन दिवस खपून तिने नियमच बदलला. तारीख पाहायचीच नाही. प्रत्येक नोंदीने, लिहिणाऱ्याने त्याआधी कोणती नोंद पाहिली होती, ते सोबत न्यायचे. पाहून खोडले असेल, तर खोडणारी खरी. दोन नोंदी एकमेकींना न पाहताच लिहिलेल्या असतील, तर यंत्राने निवाडा न करता दोन्ही माणसापुढे ठेवायच्या.

शनिवारी सकाळी तिने बाकीच्या आठही दवाखान्यांत फोन लावून सुताराचे पान मोठ्याने वाचून घेतले. सगळीकडे एकच उत्तर आले: देऊ नये. मग तिने स्वतःचा पडदा पाहिला. तिच्या ओळीखाली फिकट अक्षरांत बाबांची ओळ होती, पाहिलेली आणि खोडलेली. त्यांच्या हयातीत तिने त्यांचा एकही शब्द खोडला नव्हता.

सुतार आला, जखम दाखवून गेला.

दुपारी खालून बारीक, चिवट आवाज येऊ लागला. कुठल्याशा औषधाची मुदत चार महिन्यांनी संपणार होती.

“पोरी,” जिन्यातून सिस्टरची हाक आली, “बाबा बोलावताहेत!”

ती उठली. ते घड्याळ मागे आणण्याचे आता काहीच कारण उरले नव्हते.