फाट्यापासून अर्धा तास

आमच्या कडाव गावात अंतर घरापासून सांगायची पद्धतच नाही, फाट्यापासून सांगतात. फाट्यापर्यंतची पायपीट कुणी धरत नाही. रसायनीच्या कारखान्यात नेटवर्कचं काम मिळालं तेव्हा मीही आईला तसंच सांगितलं, "शिळफाट्यावरनं कंपनीची बस हाय, अर्धा तास." लांब म्हटलं असतं तर तिने जाऊ दिलं नसतं, अशी माझी खात्री.

सहा महिने झाले, कायम व्हायची वेळ आली आणि नेमकं कंपनीच्या कर्जतच्या गोदामातलं इंटरनेट रखडायला लागलं. साहेब म्हणाले, "आज सुटलं नाही तर बाहेरचा माणूस बोलावतो. मग तुझ्या नोकरीचं बघू." मी लगेच गोदामाच्या राउटरचे मार्ग तपासायला बसले.

कंपनीच्या नेटवर्कला बाहेर इंटरनेटवर पडायची दारं दोन, एक रसायनीला आणि एक शिळफाट्याच्या ऑफिसात. आतल्या रस्त्यांचा नकाशा प्रत्येक राउटरकडे असतो. दारापलीकडचं मात्र त्याला दिसत नाही, दार सांगेल तो अंतराचा आकडा खरा; आकडा लहान, तो मार्ग जवळचा. रसायनीचं दार सांगत होतं दहा, शिळफाट्याचं वीस. म्हणून कर्जतचा राउटर जवळचा शिळफाटा सोडून जुन्या, संथ लाइनवरून पार रसायनी गाठत होता. दारापर्यंत जायला किती पडतं, ते तो धरतच नव्हता. बिचाऱ्याचा काय दोष? बाहेरचा मार्ग दोन प्रकारे मोजता येतो: नुसता दाराबाहेरचा आकडा बघून, नाहीतर त्यात आतली वाट मिळवून. पहिला प्रकार मीच ठेवला होता. कडावची ना मी!

दोन्ही दारांवर प्रकार बदलला. आता कर्जतहून शिळफाट्याने आतले दहा नि बाहेरचे वीस मिळून तीस, रसायनीने चाळीस नि दहा मिळून पन्नास. राउटर निमूट शिळफाट्याकडे वळला आणि गोदामाचं नेट पळायला लागलं. साहेब "बरं" एवढंच म्हणाले. त्यांचं 'बरं' म्हणजे पेढेच. मी कायम झाले.

संध्याकाळी आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिला बातमी दिली, आणि आनंदाच्या भरात खरंही बोलून गेले, "आई, घरापासनं दोन तास लागतात गं."

तिने सुपातून मानही वर केली नाही.

"ठाव हाय मला. पाचाला उठून तुझा डबा कोन करतं?"