साहेबांच्या नावाची माशी

"मॅडम, माशीला साहेबांचं नाव द्या. तुमची पर्मनंटची फाईल आजच वर पाठवतो," प्राचार्य म्हणाले.

शिरूरच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचे, तेही कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर. साहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. आणि माशी म्हणजे केंदूरच्या माळावर मला सापडलेली रॉबर फ्लाय, लुटारू माशी. ही दबा धरून बसते, उडता किडा हवेतच पकडते आणि सोंड खुपसून आतला रस पिते. "शिकारी आहे म्हणा की! वाघच!" प्राचार्य खूश. रस पिण्याचं त्यांनी मनावर घेतलं नाही. मीही खोलात गेले नाही.

नवी जात ओळखायची कशी? या माशीला तोंडावर दाट मिशी असते, पायांवर राठ केस असतात. पण जवळच्या जातींतही ते तसंच दिसतं. खरा फरक नराच्या मागच्या टोकाला असतो. ते टोक कापायचं, कॉस्टिकच्या पाण्यात उकळून साफ करायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघून चित्र काढायचं. अख्खा उन्हाळा मी त्या एका चित्रात घातला.

नाव मला केंदूरचंच द्यायचं होतं. पण नोकरीपुढं बोलणार काय, कपाळ? मान डोलावली. जिवाला फार लागलं.

माझा संशोधनाचा पेपर अजून छापायला जायचा होता. प्राचार्यांना धीर कुठला! साहेबांचा वाढदिवस तोंडावर आलेला. त्यांनी पेपरातलं सगळ्यांत मोठं चित्र उचललं आणि मला न विचारता दौंडहून फ्लेक्स छापून आणला. एका बाजूला हात जोडलेले साहेब. दुसऱ्या बाजूला तेवढंच मोठं ते चित्र. खाली 'विज्ञानालाही आपला अभिमान!'

सकाळी बघते तर कॉलेजच्या गेटवर साहेब गळ्यात हार घालून फ्लेक्सपुढं उभे. सोबत प्राचार्य आणि साहेबांचे व्याही, तळेगाव ढमढेऱ्याचे आप्पा.

"मॅडम, हे मुकुटावानी काय हाय वो?" आप्पांनी विचारलं. "माशीचं त्वांड का?"

"नाही आप्पा. दुसरं टोक."

"म्हंजी?"

थाप मारता आली असती. पण त्या चित्रासाठी मी डोळे फोडून घेतले होते. "नराचं जननेंद्रिय," मी म्हणाले. "जात यावरूनच ओळखतात. साहेबांच्या नावाखाली पेपरात हेच छापून येईल. जगभर जाईल."

आप्पांनी उपरणं तोंडात कोंबलं, तरी खांदे हलत होते. साहेब लालबुंद, प्राचार्य पांढरेफटक.

"काढा ते खाली!" साहेब कडाडले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मॅडम, माझं नाव नको. गावाचं द्या, कुणाचंबी द्या. आन् हे कुठं बोलायचं न्हाई."

"साहेब, माझी फाईल…"

"सही करतो ओ! आधी नाव काढा."

माशी केंदूरच्या नावानं छापून आली. मी पर्मनंट झाले आणि रिटायर होईपर्यंत तोंड शिवून बसले. नव्या संशोधकांना एवढंच सांगते: चित्र मोठं काढा. मजकूर कुणी वाचत नाही.